स्टेडियमचा आपत्कालीन आराखडा पहिल्यांदा करताना: सोलापुरातल्या नव्या आयोजकांसाठी

सामना असो, जाहीर सभा असो की गाण्यांचा कार्यक्रम, आयोजकांच्या बैठकीत मांडव, पास, पाहुणे आणि पार्किंग यांवर तासन्‌तास बोलणं होतं. 'काही झालंच तर काय करायचं' हा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि 'पोलीस बंदोबस्त आहेच की' या वाक्यावर मिटतो. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पार्क स्टेडियमवर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, रणजीचा सामना झाला. मोठे कार्यक्रम आता शहरात येत राहणार आणि त्यांचा आपत्कालीन आराखडा लिहायचं काम कोणा ना कोणाच्या अंगावर पडणार. ते तुमच्याकडे आलं असेल तर कुठून सुरुवात करायची, हे इथे क्रमाने सांगतो.

आराखड्यात दोनशे पानं असायची गरज नाही. त्यात निर्णय असायला हवेत: कोणती खूण दिसली की कोण काय करणार. ऐन वेळी विचार करायला कुणालाच सवड मिळत नाही, म्हणून तो विचार आज करून ठेवायचा.

पायरी १: कार्यक्रम थांबवायचा अधिकार कोणाकडे, ते लिहून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जीव इथेच जातात. ४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत ११ जणांचा जीव गेला. गेटबाहेर माणसं चेंगरत असताना आतला सोहळा सुरू झाला होता. बाहेरची बातमी आत पोचवायची कुणी आणि ती ऐकून माईक बंद करायचा कुणी, हे ठरलेलं नसलं की असंच होणार.

म्हणून पहिल्या पानावर एकाच माणसाचं नाव घाला: सुरक्षा प्रमुख. त्याच्या खाली पर्यायी प्रमुखाचं नाव. हा माणूस प्रायोजकांची किंवा पाहुण्यांची सरबराई करणारा नसावा. तिकीटविक्रीशीही त्याचा संबंध नसावा. 'सामना थांबवा' असं त्याने म्हटलं की पंच, निवेदक, ध्वनिवाला आणि प्रमुख पाहुण्यांचे स्वीय सहायक यांनी प्रश्न न विचारता ऐकायचं. हे आयोजक समितीच्या अध्यक्षांच्या सहीने लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. मंचावर मोठा माणूस भाषण करत असताना 'थांबवा' म्हणायला भल्याभल्यांची जीभ रेटत नाही. हातात कागद असला की रेटते.

सूत्रं दुसऱ्याच्या हातात कधी जातात, तेही याच पानावर यायला हवं. आग लागली तर अग्निशमन अधिकारी, संशयास्पद वस्तू सापडली तर पोलीस, मोठी दुर्घटना झाली तर जिल्हा प्रशासन. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पोलीस आयुक्तालय, महापालिकेचं अग्निशमन दल, सिव्हिल हॉस्पिटल आणि महावितरण या प्रत्येक ठिकाणचा एकेक अधिकारी पहिल्या बैठकीपासून तुमच्यासोबत असावा. आराखडा पुरा झाल्यावर सहीसाठी त्यांच्यापुढे नेण्यात काही अर्थ नाही.

पायरी २: नकाशा पायांनी काढा

ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच वेळी मैदानाला चक्कर मारा. सायंकाळचा कार्यक्रम असेल तर सायंकाळीच जा, कारण सकाळी रिकामा असणारा रस्ता सातला हातगाड्यांनी भरलेला असतो. सुरुवात स्टेडियमच्या गेटपासून करू नका. प्रेक्षक एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर उतरतो, तिथून तुमची तपासणी सुरू होते. तो कुठल्या वाटेने चालत येईल, कुठे थांबून खाईल, गाडी कुठे लावेल, सगळं टिपून घ्या.

पार्क स्टेडियमचं दुखणं आणि बळ, दोन्ही एकच आहे: ते शहराच्या ऐन मध्यात आहे. पार्क चौक, चार पुतळा, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, होम मैदान, सगळं हाकेच्या अंतरावर. जानेवारीत गड्डा यात्रा भरलेली असते, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात आणि शोभेच्या दारूकामाला होम मैदानाकडे वेगळीच गर्दी जमते. त्या दिवसांत स्टेडियममध्ये मोठा कार्यक्रम ठेवणं टाळलेलंच बरं. टाळता येत नसेल तर यात्रेचा वाहतूक आराखडा आधी मिळवा आणि मग आपला करा. यात्रेत आपत्कालीन रस्ता मोकळा ठेवण्यावरून आपल्याकडे बरीच चर्चा झालेली आहे. स्टेडियमलाही तोच नियम लावा. अग्निशमन बंबासाठी एक वाट अशी ठेवा, जिच्यावर पाहुण्यांची गाडीसुद्धा उभी राहणार नाही. बंब प्रत्यक्ष बोलावून त्या वाटेने आत आणून बघा. कमानीची उंची आणि वळणाची रुंदी टेपने मोजून भागत नाही.

प्रत्येक गेटला एकच क्रमांक द्या आणि तो आतून-बाहेरून मोठ्या अक्षरांत रंगवा. आपल्याकडे एकाच गेटला पोलीस एक नाव देतात, ग्राउंड स्टाफ दुसरं आणि रिक्षावाला तिसरं. १०८ च्या ड्रायव्हरला 'पार्क चौकाकडचं गेट' सांगून तो योग्य ठिकाणी पोचेल, असं गृहीत धरू नका. सगळ्यांच्या हातात एकच नकाशा द्या.

पायरी ३: दरवाजे मोजा, मग तिकिटं छापा

इथे थोडं गणित आहे आणि ते तुम्ही स्वतः करायचं आहे. मैदानांच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडू शकतात. जिन्यावरून ६६. संकटात बाहेर काढायला जास्तीत जास्त आठ मिनिटं धरतात, आणि आगीचा धोका जास्त असेल तर अडीच मिनिटंच.

समजा तुमच्याकडे २०,००० प्रेक्षक येणार आहेत. बाहेर पडायला प्रत्येकी ४ मीटरची ६ गेट आहेत, म्हणजे २४ मीटर रुंदी. २४ गुणिले ८२ गुणिले ८ केलं की १५,७४४ होतात. म्हणजे आठ मिनिटांत चार हजारांहून जास्त माणसं आतच राहिली. आता एक गेट बंद धरा, कारण आग किंवा कोंडी त्याच बाजूला असू शकते. उरले २० मीटर, बाहेर पडणार १३,१२०. मग एकतर गेट वाढवा, नाहीतर तिकिटं कमी करा. तिसरा मार्ग नाही. रुंदी मोजताना लोखंडी चौकट धरू नका. माणूस जिथून प्रत्यक्ष जाऊ शकतो ती मोकळी जागा मोजा. गेटच्या तोंडाशी बॅरिकेड किंवा भेळेची गाडी असेल तर तेवढी रुंदी वजा.

येणाऱ्यांचंही असंच गणित आहे. झडती घेणारा माणूस मिनिटाला किती जणांना सोडतो, ते घड्याळ लावून बघा. समजा सहा जणांना सोडतो. म्हणजे एका रांगेतून दोन तासांत ७२० जण आत जातील, आणि २०,००० जणांना किमान २८ रांगा लागतील. एवढ्या रांगा नसतील तर गेट लवकर उघडा. उशिरा उघडलेलं गेट आणि आतून ऐकू येणारा जल्लोष यांमुळे मागची माणसं पुढच्यांना रेटू लागतात.

एकूण आकडा बरोबर असूनही एखाद्या कोपऱ्यात जीव जाऊ शकतात. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानाबाहेर रेटारेटी वाढली म्हणून पोलिसांनी बाहेर जाण्याचं एक मोठं गेट आत येण्यासाठी उघडलं. समोरच्या बोगद्यातून लोंढा थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत गेला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याच्या तोंडाशी लोकांना तिकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. पुढे जाळी होती. ९७ जण गेले. म्हणून गर्दीची मोजणी स्टँडनिहाय ठेवा, आणि स्टँड भरला की त्याची वाट कोण बंद करणार ते नावानिशी लिहा.

चेंगराचेंगरीत माणसं तुडवली जाऊनच मरतात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण उभ्या उभ्या, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यामुळे मरतात. दर चौरस मीटरला चार माणसांपर्यंत जरा हलता येतं. सहा-सात झाली की माणसाचा स्वतःच्या पायांवर ताबा राहत नाही आणि गर्दी लाटेसारखी डुलू लागते. स्वयंसेवकांना खुणा शिकवा: दोन्ही खांदे शेजाऱ्याला घासताहेत, हात वर काढता येत नाहीत, पोरांना डोक्यावर धरलंय, कुणीतरी 'मागे सरका' म्हणून ओरडतंय. अशा वेळी रेटा नेहमी मागून सोडवायचा. पुढच्यांना 'मागे जा' म्हणून उपयोग नाही, ते जाऊच शकत नाहीत.

पायरी ४: सोलापूरची संकटं सोलापूरच्या हिशोबाने लिहा

दुसऱ्या शहराच्या आराखड्याची नक्कल करू नका. आपल्याकडे सगळ्यात खात्रीने येणारं संकट ऊन आहे. मार्चअखेरपासून पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात त्याच्याही वर जातो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. तिथे ना स्फोट झाला होता ना आग लागली होती. एप्रिल-मे मध्ये उघड्या स्टँडवर दुपारचा कार्यक्रम घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचाच झाला तर सावली किती माणसांना पुरते ते मोजा, आणि बाटली आत नेऊ देणार नसाल तर आत फुकट पाणी द्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा टँकर आदल्या दिवशी भरून मैदानात उभे करा. 'मागवू ऐन वेळी' चालणार नाही.

उन्हापाठोपाठ वळीव. तासाभरात आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि मांडवाचे पत्रे, फ्लेक्स, ध्वनिक्षेपकांचे मनोरे सगळं हेलकावू लागतं. मनोरे आणि स्क्रीन उभे करणाऱ्याकडून ते किती वाऱ्याला टिकतील, हे लेखी घ्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर खेळाडू मैदानावर आणि प्रेक्षक उघड्या स्टँडवर ठेवू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

दिवे जाणं हे किरकोळ वाटतं, पण अंधारातल्या जिन्यावर वीसेक हजार माणसं असली की ते किरकोळ राहत नाही. फ्लडलाइट गेले तरी जिने, गेट आणि ध्वनियंत्रणा बॅटरीवर सुरू राहायला हवी. जनरेटर सुरू व्हायला किती सेकंद लागतात, ते मेन स्विच पाडून बघा.

आगीसाठी महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तो कागद मागून घ्या, पण त्यावर समाधान मानू नका. स्टँडच्या खाली वाकून बघा. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षं साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि चारेक मिनिटांत सगळा स्टँड जळाला. ५६ जण गेले. त्यांतले बरेच जण मागच्या बाजूच्या बंद दारांशी सापडले. पुढे मैदानात उतरलेले वाचले, कारण तिथे जाळी नव्हती. आपल्याकडे स्टँडखाली काय असतं ते तुम्हाला माहीत आहेच: जुन्या खुर्च्या, बॅनरचं कापड, लाकडी सांगाडे, कधी खाद्यपदार्थवाल्याचे सिलिंडर. २००५ साली वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत अडीचशेहून जास्त भाविक गेले. तिथे ओल्या, निसरड्या पायऱ्यांवरची चेंगराचेंगरी आणि दुकानांची आग एकत्र आली होती. संकटं अशी हातात हात घालून येतात, म्हणून सिलिंडर आणि गर्दीची वाट एकमेकांजवळ ठेवू नका.

बाहेर पडण्याच्या गेटला कुलूप नको. प्रेक्षक आत असेपर्यंत प्रत्येक गेटपाशी एक माणूस हवा, आणि तो सामना बघायला आत जाणार नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातल्या कांजुरुहान मैदानात पोलिसांनी स्टँडच्या दिशेने अश्रुधूर सोडला, माणसं गेटकडे धावली आणि तिथे अडकली. १३५ मृत्यू. अश्रुधूर स्टँडमध्ये सोडायचा नाही, यावर पोलिसांशी आधीच बोलून घ्या. हा विषय काढायला संकोच वाटतो, पण काढावा लागतो.

बॉम्बची अफवा किंवा बेवारस पिशवी असेल तर तिला हात लावू नका, आणि लोकांना तिच्या अंगावरून बाहेर नेऊ नका. गेट उघडून सगळ्यांना बाहेर काढणं दर वेळी बरोबर नसतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय मैदानाबाहेर स्फोट झाले, तेव्हा प्रेक्षकांना आतच ठेवलं होतं. आराखड्यात तीन पर्याय हवेत: सगळं रिकामं करणं, एकच स्टँड दुसरीकडे हलवणं, आणि आत थांबवून ठेवणं.

पायरी ५: खूण आणि निर्णय एका ओळीत

आता वरची सगळी माहिती छोट्या ओळींत उतरवा. 'परिस्थिती पाहून योग्य ती कार्यवाही करावी' असं वाक्य दिसलं की खोडून टाका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. ओळी अशा हव्यात:

गेट ३ बाहेरची रांग पिवळ्या पट्ट्याच्या मागे गेली, की गेटप्रमुख शेजारचं गेट उघडवतो आणि नियंत्रण कक्षाला कळवतो.
स्टँड भरल्याचा आकडा आला, की स्टँडप्रमुख जिन्याच्या तळाशी वाट बंद करतो.
सुरू होण्याच्या वेळी बाहेर मोठी रांग शिल्लक असेल, तर सुरक्षा प्रमुख सामना १५ मिनिटं पुढे ढकलतो आणि ते बाहेरच्या भोंग्यावरही सांगितलं जातं.

ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. बाहेरच्यांना 'आपलं काही चुकणार नाही' असं कळलं की रेटा कमी होतो.

पायरी ६: घोषणा आधी लिहा, चार भाषांत

सोलापुरात मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि हिंदी-उर्दू घरोघरी बोलतात. आंध्र-कर्नाटकातूनही माणसं येतात. घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेतली सूचना पटकन कळते. म्हणून प्रत्येक संकटाची घोषणा चारही भाषांत आधी ध्वनिमुद्रित करून ठेवा, शिवाय वाचून दाखवायला कागदावर. मजकूर साधा ठेवा:

'पूर्वेच्या स्टँडमधील प्रेक्षकांनो, स्टँडखाली धूर दिसत आहे. सामना थांबवला आहे. समोरच्या मैदानात उतरा. पिवळ्या जॅकेटमधील स्वयंसेवक वाट दाखवतील. धावू नका, सर्वांना वेळ आहे.'

काय झालंय, कुणी, कुठे जायचं, एवढंच. लोक घाबरतील म्हणून खरं लपवू नका. मोबाइलवर व्हिडिओ तुमच्या घोषणेच्या आधी पोचलेला असतो, आणि एकदा लपवलेलं कळलं की पुढची सूचना कुणी ऐकत नाही. 'तांत्रिक कारणास्तव' हा शब्दप्रयोग तर नकोच.

आपसातल्या संपर्कासाठी मोबाइलवर भिस्त ठेवू नका. हजारो फोन एका जागी आले की नेटवर्क अडतं. वॉकीटॉकी घ्या, आणि त्याही बंद पडल्या तर निरोप घेऊन धावणारी दोन तरुण मुलं नियंत्रण कक्षात बसवा.

पायरी ७: उपचार खुर्चीपर्यंत पोचले पाहिजेत

ॲम्ब्युलन्स गेटवर उभी असणं म्हणजे वैद्यकीय सोय झाली, असं नाही. वरच्या रांगेतल्या माणसाचं हृदय बंद पडलं तर दर मिनिटाला त्याच्या वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. तेव्हा सीपीआर येणारा माणूस आणि हृदयाला शॉक देणारं यंत्र तीन मिनिटांत कुठल्याही खुर्चीपर्यंत पोचेल अशी रचना करा, आणि घड्याळ लावून ती तपासा. उष्माघातात माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा शुद्ध हरपतो. त्याला आधी गार करायचं, मग हलवायचं: सावली, अंगावर पाणी, वारा, मानेला-काखेत-जांघेत बर्फ. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

सिव्हिलला कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि अपेक्षित गर्दी लेखी कळवा. जखमी जास्त झाले तर कुणाला सिव्हिलला आणि कुणाला खासगी रुग्णालयात न्यायचं, तेही ठरवून ठेवा. सगळे एकाच दारात गेले तर तिथे दुसरी कोंडी होते.

पायरी ८: रंगीत तालीम

आधी टेबलावर करा. सगळ्यांना बसवून एक प्रसंग सांगा: 'सात वाजून दहा मिनिटं, वळीव आला, दिवे गेले, गेट २ वर तीन हजार माणसं.' प्रत्येकाने आपण काय करणार ते सांगायचं. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन जण एकाच कामावर हक्क सांगतील आणि एक काम कुणाचंच नसेल. तिथेच आराखडा दुरुस्त करा. मग महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं प्रेक्षक म्हणून बसवून एक स्टँड खरोखर रिकामा करून बघा. त्यांत काही म्हाताऱ्या माणसांना, कडेवर मूल असलेल्या बाईला आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला जरूर घ्या. फक्त तरण्या पोरांवर घेतलेल्या चाचणीचा आकडा खरा नसतो.

स्वयंसेवकांना सगळा आराखडा पाठ करायला लावू नका. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड: तुझी जागा, तुझा प्रमुख, तुझं गेट, तीन कामं. हरवलेलं मूल कुठे न्यायचं तेही त्यावर असू द्या, कारण दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा तेच लागणार आहे.

पायरी ९: त्या दिवशी आणि त्यानंतर

गेट उघडण्यापूर्वी सुरक्षा प्रमुख प्रत्येक गेट स्वतः उघडून-लावून बघतो आणि सही करतो. नियंत्रण कक्षात एक जण फक्त नोंदवही लिहितो: वेळ, कोणी कळवलं, काय ठरलं. लोक परत निघतात तेव्हा बंदोबस्त सैल होतो, पण जिन्यांवर सगळ्यात जास्त भार तेव्हाच असतो. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात ६६ जण सामना संपल्यावर घरी जाताना जिन्यावर चेंगरून मेले. त्याच जिन्यावर आधीही अपघात झाले होते. म्हणून शेवटचा प्रेक्षक रस्त्याला लागेपर्यंत कुणालाही सुट्टी देऊ नका.

दुर्घटना झालीच तर नातेवाइकांसाठी एक जागा, एक फोन क्रमांक आणि एकच बोलणारा अधिकारी. मृत-जखमींची नावं घरच्यांना आधी, पत्रकारांना नंतर.

काही झालं नाही तरी तीन दिवसांच्या आत बैठक घ्या आणि नोंदवहीतल्या किरकोळ गोष्टी वाचा: कोण घसरलं, कुठे पाच मिनिटं रेटारेटी झाली, कुठलं गेट अडकलं. प्रत्येक नोंदीसमोर दुरुस्ती, जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. सुधारलेल्या आराखड्याची एकेक प्रत पोलीस आयुक्तालय, अग्निशमन दल, सिव्हिल आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवा, पोच घ्या, आणि जुन्या प्रती परत मागून फाडून टाका.